खूण न मारलेला ब्लॉक

इंजिनचा ब्लॉक बदलला तो सोलापूरच्या बोअरिंगवाल्यानं. गौतम मिस्त्रींनी नाही. फसवले गेले ते मिस्त्री, आणि उमरग्यात ज्यांच्या नावाला बट्टा लागला तेही मिस्त्रीच. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुरवणीतला लेख शेवटपर्यंत वाचणारे थोडे असतात आणि एवढं तरी सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. पुढचं ज्यांना सवड असेल त्यांच्यासाठी.

मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. हायवेला लागून माझं गाड्यांच्या जुन्या-नव्या पार्टचं दुकान आहे. समोर बसवकल्याणकडचं एक गिऱ्हाईक जुन्या गिअरबॉक्सवरून हुज्जत घालत होतं. तो उठून जातो म्हणत होता, मी खुशाल जा म्हणत होते, आणि दोघांनाही ठाऊक होतं की कुणी उठणार नाही. तेवढ्यात सुमनवहिनींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. "अक्का, चहा घेऊन गेले, हाक मारली... ह्यांनी ओ दिली न्हाय वो." मी फोन खाली ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, "मग काय अक्का, माझा भाव धरायचा का?" मी म्हटलं, "धरा. घेऊन जा." त्या माणसाला संशय आला. त्यानं गिअरबॉक्स पुन्हा वाकून बघितला, दात मोजल्यासारखं केलं, आणि माल न घेताच निघून गेला. समोरच्यानं सांगितलेला भाव मी आयुष्यात पहिल्यांदा मान्य केला होता.

माझं माहेर ईट गावचं. लग्नानं उमरग्याला आले आणि भंगारातून ह्या धंद्यात शिरले. अपघातातल्या गाड्या वजनावर घ्यायच्या, उघडायच्या, चांगलं तेवढं वेगळं काढून विकायचं. बाईमाणूस इंजिन विकत घेतंय म्हणून लोक आधी हसले, मग चिडले, मग उधारी मागायला लागले. पण घासाघीस जमणं वेगळं आणि माल कळणं वेगळं. एकदा मी एक डिझेल इंजिन फार हुशारीनं भाव पाडून आणलं आणि मोठ्या तोऱ्यात मिस्त्रींच्या शेडमध्ये उतरवून घेतलं. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढलं, आत टॉर्च मारली आणि बाजूला सरकले. "नख लावा अक्का." मी म्हटलं, "दिसतंय की. आरशासारखं चकचकतंय." ते म्हणाले, "चकचकणारच. लई घासलंय. नख लावा तर." मी सिलिंडरच्या तोंडाजवळ बोट आत घालून नख वरून खाली ओढलं आणि ते अडलं. वर जिथं पिस्टनची रिंग पोचत नाही तिथं मूळचं लोखंड राहतं, त्याच्याखाली रिंग घासून घासून भिंत झिजते, आणि मध्ये कडा तयार होते. कडा जेवढी नखाला लागेल तेवढं ते इंजिन झिजलेलं. माझं नख चांगलंच अडलं होतं. "लई भांडून आणलं न्हाय का?" मिस्त्री म्हणाले. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या शेडकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र गेले, आणि त्यानंतर कुठलंही इंजिन नख लावल्याशिवाय घेतलं नाही.

मिस्त्रींची एक पद्धत होती. मालक समोर असल्याशिवाय ते इंजिन उघडत नसत. शेडमध्ये पत्र्याखाली एक लोखंडी खुर्ची होती, ती मालकाची. तिथं बसायचं आणि बघायचं. आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ओतीव सांगाडा, सोलापूरला बोअरिंगला, म्हणजे झिजलेले सिलिंडर मशीनवर कातून सारखे करायला, पाठवायचा असेल, तर पाठवण्याआधी मालकाच्या हातात पंच आणि हातोडी द्यायची. पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळा, लोखंडावर ठोकला की ठिपका उमटतो. ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथं ऑइलचं चेंबर बसतं त्याच्या जरा वर, मालकानं आपल्या हातानं आपल्याला हवी ती खूण मारायची. कुणी तीन ठिपके मारायचं, कुणी नावाचं पहिलं अक्षर. बोअरिंगच्या दुकानात एकसारखे दिसणारे ब्लॉक ढिगानं पडलेले असतात. इंजिनचा नंबर असतो, पण ह्या जुन्या गाड्यांत तो एका पत्र्याच्या पट्टीवर असतो आणि पट्टी रिबेटनं, म्हणजे रिव्हेटच्या खिळ्यांनी, बसवलेली असते. ती काढून दुसऱ्या ब्लॉकवर बसवायला हातखंडा माणसाला चहा निवायच्या आत जमतं. ठिपका मात्र काढता येत नाही. घासला तर घासल्याचं दिसतं. लोहाऱ्याच्या वाटेवर जीप चालवणाऱ्या एकानं बायकोच्या नावाचं अख्खं अक्षर कोरलं आणि म्हणाला, "मिस्त्री, झालं ना? आता ब्लॉक फुटला तरी बदलायची सोय न्हाय राहिली." मिस्त्री म्हणाले, "ब्लॉकचं मी बघतो. तुमी घरी जाऊन बघा, तिनं तुमच्यावर कुठं खूण मारलीया ते." शेड हसत होती तेव्हा... आता तिथं पत्र्यावर कबुतरं बसतात.

मी आठवड्याला टेम्पो घेऊन सोलापूरला पार्ट आणायला जायचे. जाताना मिस्त्रींचे ब्लॉक, हेड, क्रँक माझ्याच टेम्पोत चढायचे आणि येताना उतरायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. खुणेचा एकही ब्लॉक बदलला गेला नाही. बदलला गेला तो एकच, बिनखुणेचा.

तो ब्लॉक गुरुजींच्या गाडीचा होता. गुरुजींचं नाव मी लिहीत नाही, उमरग्यात लिहायची गरजही नाही. ते मिस्त्रींचे शाळेतले शिक्षक. मिस्त्रींच्या वडिलांच्या मनात पोराला शेतावर मजुरीला लावायचं होतं. गुरुजींनी घरी जाऊन वडिलांना समजावलं, पुढं आयटीआयला घातलं. हे मिस्त्री दर दोन-चार दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगायचे. गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनी जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाही हे ठरल्यातच जमा होतं. काही वर्षांनी ती निळा धूर सोडायला लागली, ऑइल प्यायला लागली. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, आता पुरतं उघडावं लागल."

त्या दिवशी मी तिथंच होते. गुरुजी लोखंडी खुर्चीत बसले होते, मांडीवर छत्री. मिस्त्रींनी हेड उचललं, खालचं चेंबर काढलं, पिस्टन वरून एकेक काढून ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं पोत्यावर मांडले, बेअरिंगच्या टोप्या आपापल्या जागेच्या हिशेबानं वेगळ्या ठेवल्या, क्रँकचा जड दांडा दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला. नुसता ब्लॉक उरला. तो डिझेलनं धुतला. पाणी फिरायच्या वाटांत तार घालून तांबडा गाळ काढला, जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडले. बाजूच्या भोकांत डॉलर असतात, म्हणजे पैशासारख्या गोल झाकण्या. त्या आधीच्या वर्षीच मिस्त्रींनी माझ्या दुकानातून पितळी घेऊन बसवल्या होत्या. त्या जागच्या जागी घट्ट होत्या. वरच्या सपाट तोंडावर त्यांनी लोखंडी पट्टी आडवी-तिरपी धरली आणि खाली उजेडाची फट दिसते का ते वाकून बघितलं. दिसली नाही. मग खिशातून खडू काढला. धुतलेला ब्लॉक कोरडा पुसून त्यावर खडूची पूड चोळायची ही त्यांची रीत. कुठं तडा असेल तर त्यात मुरलेलं डिझेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. गुरुजी म्हणाले, "अरे, माझ्या वर्गातला खडू चोरलास की काय?" मिस्त्री म्हणाले, "चोरला न्हाय गुरुजी. फळ्याखाली पडलेले तुकडे तुमीच द्यायचा." आम्ही चहा मागवला, प्यायलो, आणि परत बघितलं. ब्लॉक पांढरा स्वच्छ होता. एक रेघ नाही. सिलिंडर तेवढे झिजून अंडाकृती झाले होते, ते बोअर करून आणले की झालं.

मग मिस्त्रींनी भिंतीवरचा पंच काढला, फडक्यानं पुसला आणि हातोडीसकट गुरुजींच्या पुढं धरला. गुरुजींनी पंचाकडं बघितलं, मिस्त्रींकडं बघितलं आणि हसले. "गौतम, ज्याला मी हात धरून अक्षरं गिरवायला लावली त्याच्या दारात मी ओळखीचा डाग मारून ठेवू? ठेव तो पंच. माझा तुझ्यावर विश्वास आहे." मी मध्ये बोलले. "गुरुजी, एक ठोका मारा की. काय जातंय?" ते म्हणाले, "अक्का, तुमच्या दुकानात विश्वास मिळत नाही. म्हणून तुम्हाला खूण लागते." सगळे हसले. मीही हसले. मिस्त्रींचा चेहरा असा उजळला होता की जणू कुणी त्यांना शाल पांघरली. त्यांनी पंच पुन्हा खिळ्याला अडकवला.

टेम्पोत ब्लॉक चढवताना मी हळूच म्हटलं, "तुम्हीच मारा दोन ठिपके. त्यांना कळणारसुद्धा नाही." ते म्हणाले, "ते भर शेडात विश्वास हाय म्हणाले अन् मी मागं खूण मारू व्हय? राहू द्या अक्का."

आठवड्यानं मी ब्लॉक परत आणला. मिस्त्रींनी गोणपाट काढलं आणि तसेच उभे राहिले. बाहेरून ताजा करडा रंग मारला होता. बाजूचे डॉलर पितळी नव्हते, लोखंडी होते, कडेनं गंजलेले. त्यांनी ब्लॉक धुतला, पुसला, खडू चोळला आणि माझ्याच शेजारी उकिडवे बसले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून रेघ उमटायला लागली. सावकाश, वाकडी, एका बोल्टच्या भोकापर्यंत. मी तिथूनच बोअरिंगवाल्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, नंबर बघा. तोच हाय. तुमच्या मिस्त्रीची खूण असती ना? खूण दाखवा अन् दुसरा ब्लॉक घेऊन जा." खूण नाही हे त्याला माहीत होतं. म्हणूनच त्यानं नेमका तोच उचलला होता. कुणाला तरी त्या मापाचा धड ब्लॉक हवा असणार, आणि आमच्या मालात एकच बेवारशासारखा दिसला.

काही जण आजही म्हणतात की अक्का त्याच्याशी दरावरून भांडली, म्हणून त्यानं उट्टं काढलं. भांडले होते. मी कुणाशी भांडत नाही? त्या माणसाशी मी दर खेपेला भांडत होते आणि दर खेपेला त्यानं माल नीट दिला होता. त्यामुळं हे बोलणं मी मानत नाही. मानत नाही... पण सोलापूरच्या नाक्यावर गाडी थांबली की आजही ते बोलणं कानात येतं.

मिस्त्री लगेच गुरुजींच्या घरी जायला निघाले. मीही गेले. अंगणात दोन-तीन जीपवाले बसले होते, गुरुजी पेपर वाचत होते. मिस्त्रींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि दुसरा ब्लॉक शोधून मी बसवून देतो असंही सांगितलं. गुरुजी म्हणाले, "नंबर तर तोच आहे म्हणतोस. मग बदलला कसा?" मिस्त्रींनी पट्टीचं आणि रिबेटचं समजावलं. गुरुजी म्हणाले, "गौतम, हातून पडला असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही." "पडला न्हाय गुरुजी." तेवढ्यात एका जीपवाल्यानं विचारलं, "पर मिस्त्री, तुमी तर खूण मारल्याबिगर ब्लॉक हलवत न्हाय. खूण न्हवती का?" मी गुरुजींकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मिस्त्री म्हणाले, "इसरलो मी."

त्या माणसाला मी पहिल्यांदा आणि शेवटचं खोटं बोलताना ऐकलं.

फाटकाबाहेर आल्यावर मी रस्त्यातच ओरडायला सुरुवात केली. सोलापूरला जाते, त्याच्या दुकानापुढं बसते, पोलिसांत जाते, आणि गुरुजींना साक्षीला उभं करते म्हटलं. मिस्त्री थांबले. "मग सगळ्या गावात हुईल की, गुरुजींनी खूण मारू दिली न्हाय. ज्यांनी मला शिकवलं त्यांना कोर्टात अडाणी ठरवू मी?" मी म्हटलं, "आणि तुम्ही चोर ठरलात तर?" ते म्हणाले, "मला वळखत्यात की लोकं." मग म्हणाले, "अक्का, माझी आण हाय. ह्यातलं एक अक्षर कुठं बोलायचं न्हाय." मी आण घेतली. आयुष्यात कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, आणि नेमकं नको तिथं एका माणसाचं ऐकलं.

लोक ओळखत होते, पण तसं नाही. गुरुजींनी गाडी दोर बांधून दुसरीकडं नेली. ते वाईट बोलले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. कुणी विचारलं की फक्त सुस्कारा टाकायचे, "जाऊ द्या, माझाच विद्यार्थी आहे." त्यातून ज्यानं त्यानं हवं ते ओळखलं. कुणी म्हणालं ब्लॉक विकला, कुणी म्हणालं हातून फोडला आणि गोष्ट रचली. जीपवाले आधी कमी झाले, मग वळसा घालून जायला लागले. शेवटची काही वर्षं मिस्त्री पाण्याची इंजिनं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करत होते. माझं-त्यांचं बोलणं कमी झालं. मी गेले की तोच विषय काढायचे आणि ते दुसरीकडं बघायचे. मागच्या उन्हाळ्यात शेडवरून जाताना मी टेम्पो थांबवला नाही. त्यांनी हात केला, मी नुसता हॉर्न वाजवला. घाई होती असं आता आठवतंय. कसली घाई, ते मात्र आठवत नाही.

मिस्त्रींच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी घरापुढं मांडव होता. वंदना झाली, मग चार लोक बोलले. गुरुजी आले होते. आता काठी घेऊन चालतात. त्यांना माइक दिला. त्यांनी मिस्त्रींचं शाळेतलं अक्षर किती वळणदार होतं ते सांगितलं, वडिलांना कसं समजावलं ते सांगितलं. खोटं नव्हतं ते. आणि मग म्हणाले, "माणसाकडून एखादी चूक होते. त्याच्याकडूनही झाली. पण मी त्याला तेव्हाच माफ केलं होतं."

मी उठले. माझा पदर मागून ओढला गेला. सुमनवहिनी होत्या. "अक्का, आज नको." मी बसले. मांडवातले लोक माना डोलवत होते. माफ करणाऱ्याचं कौतुक चाललं होतं.

परवा वहिनींनी शेडची किल्ली दिली, सामान बघून घ्या म्हणाल्या. आत गेले. सगळ्यावर धूळ होती, पण भिंतीवरच्या खिळ्याला पंच होता आणि तो तेल लावून फडक्यात गुंडाळलेला होता. गाड्यांचे ब्लॉक यायचे थांबून किती काळ झाला, तरी हा माणूस पंचाला गंज चढू देत नव्हता. ज्या हातांनी तो घ्यायचा होता ते हात परत कधीतरी येतील असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे. खडूचा एक तुकडा फळीवर होता. मी बाकी कशाला हात लावला नाही. शेडला गिऱ्हाईक आलंय, पण पंच, खडू आणि ती लोखंडी खुर्ची विकायची नाही असं वहिनींना सांगून आले. खुर्ची मात्र मी पुसून ठेवली आहे.

बोअरिंगवाला चोर होता, चोरानं चोरी केली. त्याचं मी माझ्या पद्धतीनं बघेन, आण घालणाराच गेला, आता मला कोण अडवतंय? मला उत्तर पाहिजे ते गुरुजींकडून. गुरुजी, तुम्ही त्याला घडवलं हे मी नाकारत नाही. कदाचित तुम्हाला तो दिवस आठवतही नसेल. नसेल आठवत तर तसं सांगा, मी आठवण करून देते. पण तुम्ही चारशे लोकांच्या मांडवात माफी वाटून आलात, तर ती कुठल्या चुकीची हे सांगायला पाहिजे. शेडची किल्ली माझ्याकडं आहे. तुम्ही या, त्याच पत्र्याखाली, त्याच खुर्चीत बसा, आणि सुमनवहिनींच्या तोंडाकडं बघून सांगा: त्या दिवशी गौतमनं पंच तुमच्या हातापुढं धरला होता, की नव्हता?